इच्छाशक्ती वापराने संपते काय? : आत्मसंयमाच्या ‘साठा’ सिद्धांताची चिकित्सा

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मात्र १९९३ पासून बंदी लागू आहे. बंदीच्या या सहा वर्षांत आणि त्यानंतरही कोरपना-गडचांदूर परिसरात, चहाच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या स्टाफरूमपर्यंत, दोन विधाने वारंवार ऐकू येतात. पहिले असे की, ज्याचा मनावर ताबा आहे त्याला दुकान समोर असले तरी फरक पडत नाही आणि ज्याचा नाही त्याला कायदाही थांबवू शकत नाही. दुसरे असे की, सिमेंट कारखान्यात पाळी करून किंवा दिवसभर कापूस वेचून घरी परतणाऱ्या माणसाजवळ संध्याकाळी मनाला आवरण्याइतके बळच शिल्लक राहत नाही. म्हणून मोह त्याच्या वाटेतून दूर केला पाहिजे.

पहिल्या विधानात नीती आहे, दुसऱ्यात सहानुभूती आहे. परंतु दुसऱ्या विधानाच्या पोटात मानसशास्त्राचा एक सिद्धांतही दडलेला आहे. मनुष्याची इच्छाशक्ती हा एक मर्यादित साठा असून दिवसभराच्या वापराने तो रिता होत जातो, असे हा सिद्धांत सांगतो. प्रस्तुत लेखकाने तो पदवीच्या वर्गात अनेक वर्षे सिद्ध झालेली गोष्ट म्हणून शिकविला आहे. परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांना सल्ला देतानाही त्याचाच आधार घेतला आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत या सिद्धांताचा पाया इतका हलला आहे की, त्याची माहिती मानसशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही असणे आवश्यक वाटते. त्या अर्थाने हा लेख काही अंशी जुन्या व्याख्यानांची दुरुस्ती आहे.

सिद्धांताचा उगम

अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात रॉय बाउमाइस्टर, एलेन ब्रात्स्लाव्हस्की, मार्क म्युराव्हेन आणि डायॅन टाइस यांनी केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिला प्रयोग आज पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळतो. एक वेळचे जेवण टाळून आलेल्या विद्यार्थ्यांना एका खोलीत बसविण्यात आले. खोलीत नुकत्याच भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांचा दरवळ होता. टेबलावर एकीकडे ती बिस्किटे आणि दुसरीकडे मुळे ठेवलेले होते. काही प्रयुक्तांना बिस्किटे खाण्यास सांगितले. काहींना फक्त मुळे खाण्याची मुभा होती. तिसऱ्या, नियंत्रित गटाला यांपैकी काहीच दिले नाही. त्यानंतर सर्वांना एक कोडे सोडविण्यास दिले. ते कोडे मुळात सुटणारेच नव्हते. प्रयुक्त किती वेळ प्रयत्न चालू ठेवतो एवढेच मोजावयाचे होते. बिस्किटे खाल्लेले विद्यार्थी सरासरी सुमारे १९ मिनिटे आणि नियंत्रित गटातील सुमारे २१ मिनिटे झटत राहिले. मुळे खाणाऱ्यांनी मात्र ८ मिनिटांच्या आसपास हात टेकले.

संशोधकांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, बिस्किटांचा मोह आवरण्यात मुळे खाणाऱ्यांची जी शक्ती खर्ची पडली, तीच शक्ती कोड्याला चिकटून राहण्यासाठीही लागते. मोह आवरणे, भावना दाबणे, निर्णय घेणे, कंटाळवाण्या कामात टिकून राहणे ही सर्व कामे एकाच साठ्यातून चालतात. एकीकडे खर्च झाला की दुसरीकडे तूट पडते. फ्रॉइडच्या परिभाषेतील ‘अहं’ या संज्ञेचे स्मरण ठेवून या अवस्थेस जे नाव देण्यात आले त्याला मराठीत ‘अहं-क्षय’ म्हणता येईल. स्नायूची उपमाही याच काळात रूढ झाली: इच्छाशक्ती स्नायूप्रमाणे वापराने थकते, विश्रांतीने पूर्ववत होते आणि व्यायामाने बळावते.

प्रयोग देखणा होता यात शंका नाही. मात्र तीन गट मिळून त्यात एकूण ६७ विद्यार्थी होते. हा आकडा लक्षात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

साखर आणि न्यायाधीश

साठा आहे असे म्हटले की तो कशाचा, हा प्रश्न ओघाने येतोच. २००७ मध्ये मॅथ्यू गेलियट आणि सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर रक्तातील ग्लुकोज असे दिले. संयमाचे काम केल्यावर ग्लुकोज घटते आणि साखरेचे लिंबूसरबत दिल्यास संयम परत येतो, असा त्यांचा दावा होता. कृत्रिम गोडी असलेल्या सरबताने मात्र तसे होत नाही, असेही त्यांनी दाखविले. पुढे इतरांनी निदर्शनास आणले की, थोडा वेळ मानसिक कष्ट केल्याने मेंदूच्या एकूण ग्लुकोज-वापरात नगण्य फरक पडतो. त्याहून गमतीची बाब म्हणजे, साखरेच्या पाण्याने केवळ चूळ भरून ते थुंकून टाकले तरी कामगिरी सुधारते, असे २०१२ मधील प्रयोगांत आढळले. पोटात काहीच गेले नसता इंधन कोठून आले, या प्रश्नापाशी ग्लुकोजची कल्पना अडली.

दुसरे उदाहरण प्राध्यापकवर्गात विशेष लोकप्रिय आहे, कारण उत्तरपत्रिका तपासणीच्या वेळी ते हमखास आठवते. इस्रायलमधील आठ न्यायाधीशांनी पॅरोलच्या अर्जांवर दिलेल्या १,११२ निर्णयांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्राच्या आरंभी सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर होत. सत्र पुढे सरकेल तसे हे प्रमाण शून्याजवळ येई आणि न्यायाधीश खाऊनपिऊन परतले की पुन्हा ६५ टक्क्यांवर जाई. परंतु त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, अर्जांचा क्रम यादृच्छिक नव्हता. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणे बहुधा सत्राच्या शेवटी घेतली जात आणि वकिलाविना अर्ज मंजूर होण्याची शक्यता मुळातच कमी असते. थकलेल्या न्यायाधीशांची कथा जगभर पसरली. तिच्यावरील आक्षेप मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळातच राहिला. २०११ मध्येच बाउमाइस्टर आणि पत्रकार जॉन टियर्नी यांचे इच्छाशक्तीवरील पुस्तक आले आणि सिद्धांत व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत शिरला.

पुनरावृत्तीची कसोटी

येथे संख्याशास्त्रातील एक कल्पना स्पष्ट करणे अन्य विषयांच्या वाचकांसाठी सोयीचे होईल. दोन गटांच्या सरासरीतील फरक प्रमाण विचलनाच्या पटीत मांडला की त्याला परिणाम-आकार म्हणतात. शंभर गुणांच्या एखाद्या परीक्षेत प्रमाण विचलन १० गुणांचे आहे असे समजू. परिणाम-आकार ०.६२ असेल तर दोन गटांत सहा गुणांचा फरक दिसेल, ०.०४ असेल तर अर्ध्या गुणाचाही नाही.

मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तोपर्यंतच्या १९८ चाचण्या एकत्र करून महाविश्लेषण केले. परिणाम-आकार निघाला ०.६२. सामाजिक मानसशास्त्रात हा आकडा भरभक्कम मानला जातो आणि तेव्हा वाद मिटल्यासारखा वाटला. परंतु एव्हन कार्टर आणि मायकेल मॅकलो यांनी याच सामग्रीची फेरतपासणी करून शंका उपस्थित केली. ज्या प्रयोगांत काही सापडले नाही ते नियतकालिकांत छापलेच जात नाहीत. मग छापलेल्यांची सरासरी काय सांगणार? केवळ उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका जमवून महाविद्यालयाचा निकाल शंभर टक्के आहे असे सांगण्यासारखाच हा प्रकार होय. हा प्रकाशन-पूर्वग्रह गणितात धरल्यास खरा परिणाम शून्यापासून वेगळा ओळखता येत नाही, असे त्यांनी दाखविले.

यावर उपाय एकच होता. कार्यपद्धती आधी जाहीर करायची, अनेक प्रयोगशाळांनी ती एकाच वेळी राबवायची आणि निकाल काहीही आला तरी तो छापायचा. २०१६ मध्ये हॅगर यांच्याच नेतृत्वाखाली २३ प्रयोगशाळांनी २,१४१ प्रयुक्तांवर असा प्रयोग केला. परिणाम-आकार ०.०४ आला. ज्यांच्या महाविश्लेषणाने ०.६२ दिले होते, त्यांनीच सहा वर्षांनी हा आकडा प्रसिद्ध केला, ही गोष्ट विज्ञानाच्या व्यवहारात वाटते तितकी सामान्य नाही.

बाउमाइस्टर यांनी आक्षेप घेतला आणि तो अगदीच निराधार नव्हता. मूळ पद्धतीत प्रयुक्ताला मजकुरातील विशिष्ट अक्षर खोडण्याची आधी सवय लावली जाते आणि मग नियम बदलून ती सवय मोडायला लावतात; संयमाची गरज तेथेच उद्भवते. संगणकावरील आवृत्तीत सवय लावण्याचा टप्पा गाळला गेला होता. तेव्हा बाउमाइस्टर यांच्या दीर्घकाळच्या सहकारी कॅथलीन व्होस यांनी स्वतःच दुसरी मोहीम हाती घेतली. सिद्धांताच्या बाजूने असलेल्यांनी पद्धती निवडल्या, ३६ प्रयोगशाळा आणि ३,५३१ प्रयुक्त सहभागी झाले. २०२१ मध्ये निकाल आला तो ०.०६. त्याच वर्षी १२ प्रयोगशाळांच्या आणखी एका प्रयत्नात सुमारे ०.१ इतका लहान परंतु शून्याहून वेगळा परिणाम आढळला. म्हणजे ‘काहीच नाही’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण मुळ्याच्या प्रयोगात १९ मिनिटांची ८ मिनिटे झाली होती, त्या तोलाचे काही उरले नाही हे निश्चित. बाउमाइस्टर आणि त्यांचे सहकारी आजही सिद्धांताचा बचाव करतात. प्रयोगशाळेतील पाच-दहा मिनिटांचे काम पुरेसे दमविणारे नसते आणि कष्ट दीर्घ असतील तर क्षय दिसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हे म्हणणे तपासण्याजोगे आहे. मात्र आरंभी पाच मिनिटांचा मोहच पुरेसा असल्याचे सांगितले गेले होते, याचीही नोंद घ्यावी लागेल.

भारतीय प्रयुक्तांवरील उलटा निष्कर्ष

या वादातील एक प्रकरण आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. व्हेरोनिका जॉब, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१० मध्ये असे मांडले की, इच्छाशक्ती संपते असे जे मानतात त्यांचीच ती संपते. ती मर्यादित नाही असे मानणाऱ्यांच्या कामगिरीत घट दिसली नाही. परीक्षेच्या दिवसांत तर साठ्यावर विश्वास असणाऱ्या विद्यार्थ्यांत अभ्यासाची टाळाटाळ आणि अरबटचरबट खाणे अधिक आढळले.

याच धाग्याने पुढे जाऊन कृष्णा सवानी आणि व्हेरोनिका जॉब यांनी २०१७ मध्ये भारतीय प्रयुक्तांवरील अभ्यास प्रसिद्ध केले. मनाला आवर घालण्याने शक्ती खर्च होत नाही, उलट स्फूर्ती येते, असे मानण्याकडे भारतीयांचा कल अमेरिकनांपेक्षा अधिक असल्याचे त्यांना दिसले. एवढेच नव्हे, तर आधी संयमाचे अवघड काम केलेल्या भारतीयांनी नंतरचे काम अधिक चांगले केले. अमेरिकेत जेथे क्षय अपेक्षित होता, तेथे भारतात वृद्धी आढळली.

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजानचे रोजे या वातावरणात वाढलेल्या वाचकाला हा निष्कर्ष सहज पटेल. आपल्याकडे उपवास करणारी आई दिवसभर घरचे सर्व पाहते आणि ‘आज हलकं वाटतंय’ असे वर म्हणते. परंतु सहज पटतो हेच येथे सावध होण्याचे कारण आहे. ज्या कसोटीवर मुळ्याचा प्रयोग उतरला नाही, तीच कसोटी या प्रयोगांनाही लावली पाहिजे. आधी जाहीर केलेली पद्धत, अनेक प्रयोगशाळा, मोठा नमुना यांतून हा निष्कर्ष जाईपर्यंत त्याला ‘भारतीय संस्कृतीचे वैज्ञानिक प्रमाण’ म्हणून व्यासपीठावरून मिरविणे योग्य होणार नाही. शिवाय संगणकावर इंग्रजी सूचना वाचून उत्तरे देणारा भारतीय आणि जिवती-कोरपन्याच्या डोंगरपट्ट्यातील कोलाम किंवा गोंड कुटुंबातून आलेला पहिल्या पिढीचा विद्यार्थी यांना एकाच शब्दात बसविणे हे धाडसाचे आहे.

आपल्या भाषेकडे पाहिले तर तीही एका बाजूला झुकलेली दिसत नाही. ‘माझ्या सहनशीलतेचा अंत पाहू नका’ म्हणणारा साठ्याचीच उपमा वापरतो. ‘धीर सुटला’ यात काही संपलेले नाही, हातातील दोर निसटला आहे. ‘तोल गेला’ म्हणताना खर्चाचा विचारही मनात येत नाही. आणि ‘अंगवळणी पडले’ म्हणजे जे आधी कष्टाचे होते ते आता कष्टाविना होते. पाश्चात्त्य सिद्धांताने यांपैकी एक उपमा उचलली आणि तिला यंत्रणेचे रूप दिले. तिच्या शेजारच्या उपमा तपासल्याच नाहीत, असे म्हणण्यास वाव आहे.

थकवा आणि मोहाचे अंतर

साठ्याची उपमा कोसळली म्हणून थकवा खोटा ठरत नाही, हे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. रात्रपाळीनंतर माणूस चिडचिडा होतो, पन्नासाव्या उत्तरपत्रिकेनंतर लक्ष उडते, हे आपण सर्व जाणतो. प्रश्न त्याच्या स्पष्टीकरणाचा आहे. मायकेल इन्झलिख्ट, रॉबर्ट कुर्झबान प्रभृतींच्या मते थकवा ही टाकी रिती झाल्याची खूण नसून चालू कामाचे मोल आता उरले नाही, दुसरे काही करावे, असा मनाने दिलेला इशारा आहे. म्हणूनच कंटाळलेला विद्यार्थी आवडीचा खेळ सुरू होताच ताजातवाना होतो. पॅरिसमधील संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी एक शक्यता पुढे आणली. सहा तासांहून अधिक काळ कठीण मानसिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढील भागात ग्लुटामेट या द्रव्याचे प्रमाण वाढलेले दिसले आणि ते लोक झटपट मिळणाऱ्या, कमी कष्टाच्या लाभाकडे अधिक झुकले. येथे उपमाच उलटी होते. काही कमी होत नाही, काही साचते.

व्यवहाराच्या दृष्टीने अधिक उपयुक्त पुरावा वेगळ्या दिशेचा आहे. जर्मनीत २०५ प्रौढांना दिवसातून अनेकदा विचारून, त्या क्षणी कोणती इच्छा मनात आहे आणि तिला विरोध करीत आहात काय, याची नोंद विल्हेल्म हॉफमान आणि सहकाऱ्यांनी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उत्तम आत्मसंयम असलेली माणसे मोहाशी अधिक वेळा झुंजताना आढळली नाहीत. त्यांच्या वाट्याला मोहाचे प्रसंगच कमी आले. ज्यांना आपण मनोनिग्रही म्हणतो ते बहुधा मोहाच्या गल्लीतून जातच नाहीत.

दारूच्या संदर्भात फ्रँक शिलबाख यांनी चेन्नईतील २२९ सायकलरिक्षा चालकांसोबत तीन आठवडे केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शुद्धीत राहिल्यास पैसे, अशी अट त्यात होती. निम्म्याहून अधिक चालकांनी बिनशर्त मिळू शकणाऱ्या रकमेपैकी काही सोडून ही अट स्वतःवर लादून घेण्याची तयारी दर्शविली. अट लागू झाल्यावर त्यांचे दिवसाचे पिणे घटले, एकूण पिणे मात्र तेवढेच राहिले. कमाईत लक्षणीय वाढ झाली नाही, पण बचत ५० टक्क्यांनी वाढली. या माणसांना आपले मन कळत नव्हते असे नाही. त्यांना ते नीट कळत होते, म्हणूनच ते बाहेरून बांधून घेण्यास तयार होते.

या प्रकाशात आरंभीच्या दोन्ही विधानांकडे पाहता येते. ‘ताबा असेल तर दुकान समोर असले तरी चालते’ हे पहिले विधान हॉफमान यांच्या नोंदींशी जुळत नाही. संयमी माणसाचे यश बरेचसे अंतरावर अवलंबून असते. दुसऱ्या विधानातील निष्कर्ष, म्हणजे मोह दूर ठेवावा, हा टिकू शकतो. पण ‘श्रमिकाजवळ संध्याकाळी बळ उरत नाही’ हे त्याचे कारण सोडून द्यावे लागते. ते कारण दिसते सहानुभूतीचे, परंतु त्यात कष्टकऱ्याला मुळातच दुबळा ठरविण्याचा धोका आहे. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते बंदीचा निवाडा यांपैकी कोणत्याही प्रयोगाने होत नाही. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली चिमूरहून नागपूरला पायी गेलेल्या स्त्रिया इच्छाशक्तीचा सिद्धांत मांडत नव्हत्या. घरातील मारहाण आणि उडणारा पैसा हे त्यांचे मुद्दे होते. बंदी उठविताना शासनाने रमानाथ झा समितीच्या अहवालाच्या आधारे अवैध विक्रीचे कारण दिले, तेही मानसशास्त्राचे नव्हते. दुकान बंद झाल्याने अंतर खरोखर वाढते की मोह केवळ मागच्या दाराने येतो, हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे. तेलंगण आणि यवतमाळ या दोन्ही बंदी नसलेल्या प्रदेशांना लागून असलेल्या आपल्या तालुक्यात तो कागदावर सुटणारा नव्हता.

अध्यापनासाठी

वर्गात हा सिद्धांत गाळावा असे लेखकास वाटत नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२१ हे चार टप्पे एकत्र शिकविले तर विज्ञान स्वतःची चूक कशी पकडते याचे याहून चांगले उदाहरण पदवी अभ्यासक्रमात सापडणे कठीण. सल्ला देताना मात्र बदल करावा लागेल. ‘सकाळी मन ताजे असते तेव्हाच अवघड विषय घ्या, नंतर शक्ती संपते’ असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पहाटे रानात जाऊन मग एसटीने येणाऱ्या मुलीला हे ऐकून एवढेच कळते की, तिचा दिवस वर्गात पोहोचण्यापूर्वीच संपलेला आहे. जॉब आणि ड्वेक यांचे निष्कर्ष थोडेसेही खरे असतील तर हा सल्ला तिचे नुकसानच करतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, ग्रंथालयात बसा, मैत्रिणीसोबत वेळ ठरवा, हे सल्ले साधे आहेत आणि पुराव्याच्या अधिक जवळचे आहेत.

प्रात्यक्षिकाच्या दृष्टीनेही येथे काही करता येईल. हिरव्या शाईने ‘लाल’ असे लिहिलेली कार्डे आणि एक स्टॉपवॉच एवढ्या साहित्यावर स्ट्रूप चाचणी मराठीत घेता येते. तिच्या आधी एका गटाला संयमाचे आणि दुसऱ्याला सोपे काम द्यावयाचे. अडचण संख्येची आहे. परिणाम ०.६२ इतका मोठा असेल तर तो भरवशाने पकडण्यासाठी प्रत्येक गटात चाळीसेक विद्यार्थी लागतात. मूळ प्रयोगात गटामागे बाविसेकच होते. परिणाम ०.१ असेल तर प्रत्येक गटात सुमारे सोळाशे लागतात. ग्रामीण महाविद्यालयाच्या मानसशास्त्राच्या एका वर्गाला हे कधीच शक्य नाही. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी एकच लिखित पद्धत आधी ठरवून, एकाच सत्रात, मराठीत आणि शक्य तेथे गोंडीतही ती राबविली, तर मात्र तो आकडा आवाक्यात येतो. त्यासाठी पहिले काम म्हणजे सूचनांचा मसुदा तयार करणे आणि तो दोन-तीन महाविद्यालयांत प्रायोगिक स्वरूपात वापरून पाहणे हे होय.